दोन व्याही आणि एक कोहो

"टिपणीस, तुम्हीच निवडा," असं म्हणत दिघ्यांनी डबी उघडली आणि गाडीच्या बॉनेटवर माझ्यासमोर ठेवली.

डबीत माश्या होत्या. खऱ्या नव्हेत. गळाच्या आकड्याभोवती पिसं, सशाचे केस आणि चमकी दोऱ्यानं आवळून बांधलेल्या. जांभळ्या, गुलाबी, पोपटी, काळ्यानिळ्या, आणि एक नुसत्या चंदेरी झिरमिळ्यांची. सगळ्या दिघ्यांनी स्वतः गॅरेजमध्ये बसून केलेल्या. खालून नदीचा आवाज येत होता, झाडांत धुकं अडकलं होतं आणि थंडीनं माझी बोटं वळत नव्हती.

"कोहो मोठा लहरी," दिघे म्हणाले. "पाणी कसं आहे, उजेड कसा आहे, यावर माशी ठरते. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार? धुक्यात पाणी दिसतच नव्हतं. मी चष्मा पुसला, जाणकारासारखं डबीवरून बोट फिरवलं आणि चंदेरी उचलली. तीच तेवढी डोळ्यांत भरत होती.

दिघे जरासे थांबले. मग म्हणाले, "वा. चला, तिला पाणी दाखवू."

हे दिघे म्हणजे माझ्या ऋजुताचे सासरे. ठाण्याचे. तरुणपणीच कॅनडात गेले, व्हँकुव्हर बेटावरच्या एका छोट्या गावात कागदाच्या गिरणीत इंजिनियर म्हणून राबले आणि तिथेच निवृत्त झाले. मी महाडचा, भूमापन खात्यातला. आमची ही गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून ऋजुतानं मला हट्टानं बोलावून घेतलं. लेक, जावई सौमित्र, व्याही आणि विहीणबाई शालिनीताई, सगळे एकाच घरात. मुलीच्या सासरी महिनामहिना राहायचं हे माझ्या पिढीच्या माणसाला किती जड जातं ते सांगून कळायचं नाही. पाण्याचा पेला मागतानासुद्धा जीभ अडखळते. आणि दिघे तर इतके अगत्यशील, की माझ्याआधी उठून माझ्या चपला हीटरजवळ ठेवायचे. त्या अगत्याखाली मी रोज थोडा थोडा दबत चाललो होतो.

मासेमारीचं लचांड मात्र माझंच. ऋजुता लहान असताना मी तिला सावित्री नदीच्या डोहातल्या गोष्टी सांगत असे. हातभर लांबीचा खडस मासा मी कसा खेळवला, कसा दमवला, शेवटी कसा काठावर ओढला. खरं तर ते सगळं माझ्या चुलतभावानं केलेलं. मी काठावर पिशवी धरून बसलेला असायचो. पण पोर डोळे मोठे करून ऐकायची, आणि पोरीच्या त्या डोळ्यांपुढे चुलतभाऊ आपोआप गोष्टीतून निघून जायचा. तिनं त्या गोष्टी सासरी जशाच्या तशा पोचवल्या होत्या. मी आल्या दिवसापासून दिघे म्हणत होते, "ऑक्टोबर येऊ द्या टिपणीस, कोहो नदीत चढायला लागू देत. तुमच्यासारखा माणूस बरोबर असला की मजा येईल."

रबरी बूट आणि विजार एकत्र असलेला तो अजब पोशाख चढवताना दिघ्यांनी मला नियम सांगितले. कोहो हा सामन माशाचाच एक प्रकार. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. नदीत शिरला की खाणं सोडतो.

"मग माशी कशाला तोंडात धरतो?" मी विचारलं.

"कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं जुन्या सवयीनं. मी एवढी वर्षं बघतोय, मला नाही कळलं." मग ते माझ्यासमोर उभे राहिले. "आणि हे महत्त्वाचं. पाठीवर शेपटीच्या जरा अलीकडे एक छोटंसं मांसल पर असतं. कापलेलं असलं तर मासा पैदास केंद्रातून सोडलेला, तो आपण घेऊ शकतो. शाबूत असलं तर तो नदीचा स्वतःचा. तो पाण्यातच सोडायचा, काठावरसुद्धा घ्यायचा नाही. फार थोडे उरलेत ते."

"हो हो, कल्पना आहे मला," मी म्हणालो. त्या वेळी माझं सगळं लक्ष त्या विजारीचे पट्टे खांद्यावर कसे अडकवायचे याकडे होतं. अर्धं ऐकलं, अर्धं वाऱ्यावर गेलं. विचारायची लाज वाटली.

नदी फार मोठी नव्हती, पण आदल्या दिवशी वर कुठेतरी पाऊस झाल्यानं पाणी चहासारखं झालं होतं. दिघ्यांनी मला एका संथ डोहापाशी उभं केलं. दोरी कशी फेकायची ते त्यांनी मला शिकवलं नाही. "मी माझी पद्धत दाखवतो, तुमची वेगळी असेल," असं म्हणून ते माझ्याशेजारी हळूहळू फेकत राहिले, मला बघता यावं म्हणून. ते मला समजत होतं. मी त्यांची नक्कल करत होतो. माझी दोरी माझ्याच टोपीला, मागच्या फांदीला, एकदा दिघ्यांच्या बाहीला अडकली. दर वेळी ते सोडवून द्यायचे आणि म्हणायचे, "या रॉडचं वजनच चमत्कारिक आहे."

धुकं विरलं. डोहात मधूनच एखादा मासा पाठ दाखवायचा, पण माझ्या चंदेरीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. बराच वेळ गेल्यावर दिघ्यांनी पुन्हा डबी काढली. या वेळी त्यातल्या दोनच माश्या तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरल्या. एक फिकट गुलाबी, एक गडद जांभळी आणि चांगली भरदार.

"पाणी गढूळच आहे अजून," ते म्हणाले. "गढूळ पाण्यात सावलीसारखी ठसठशीत दिसणारी माशी बरी पडते असं काही लोक म्हणतात. तुमचं काय मत?"

उत्तर प्रश्नातच बांधून दिलेलं होतं. शाळेत पाहुणे आले की मास्तर ढ मुलाला जसा सोपा प्रश्न विचारतात, तसं. मी जांभळीकडे बोट दाखवलं.

"अगदी बरोबर," दिघे म्हणाले.

माझे कान तापले. माणूस चांगुलपणानं वागत होता आणि मला त्याचा राग येत होता. राग कशाचा, हेही धड सांगता येत नव्हतं.

जांभळीनंही मला काही दिलं नाही. दिघ्यांनी मात्र तसलीच माशी लावून डोहाच्या पलीकडच्या कडेला टाकली, हातानं दोरी थोडी ओढ, थोडी थांब, अशी आणत राहिले, आणि अचानक त्यांचा रॉड वाकला. पाणी फुटलं. चांदीच्या परातीसारखा मासा हवेत उलटला आणि पुन्हा आत गेला. रीळ करकरायला लागलं.

आणि दिघे माझ्याकडे वळले. "टिपणीस, जरा धरा हो. खांदा भरून आलाय माझा."

खांद्याला काही झालं नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी रॉड हातात घेतला. आणि सांगायला संकोच वाटतो, पण घेतल्याबरोबर मी सगळं विसरलो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत, संतापलेलं काहीतरी होतं आणि ते माझ्या कोपरापर्यंत धडका देत होतं. उभ्या आयुष्यात मला असं कधी झालं नव्हतं. दिघे "ढील द्या, आता आणा, पुन्हा ढील" असं हळू आवाजात सांगत होते. मासा थकला, काठाकडे सरकला. "जाळी आणतो, तोवर पाण्यातच ठेवा," म्हणून दिघे मागे ठेवलेल्या सामानाकडे गेले.

मी पाण्यातच ठेवला नाही. मला वाटलं, सुटेल. सकाळभर एवढी फजिती, आणि हा सुटला तर काय तोंड दाखवायचं? मागे मागे चालत मी त्याला गोट्यांवर ओढला. तो फडफडून पुन्हा पाण्याकडे सरकायला लागला, तसा मी गुडघे टेकले, हाताशी आलेला धोंडा उचलला आणि त्याच्या डोक्यात दोनदा घातला. तो ताणला गेला आणि शांत झाला.

दिघे जाळी घेऊन आले आणि थबकले. वाकून त्यांनी माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं, शेपटीच्या अलीकडे. तिथे ते छोटं पर होतं. नखाएवढं, शाबूत.

त्यांनी जाळी खाली ठेवली आणि त्या माशाशेजारी तसेच उकिडवे बसून राहिले. मी काय केलं ते मला तेव्हा उमगलं.

"दिघे, मी—"

"असू द्या."

एवढ्यात पायवाटेनं कुणीतरी आलं. खाकी जाकिटातला उंच माणूस, मत्स्य खात्याचा अधिकारी. ग्लेन त्याचं नाव. दिघे त्याला चांगले ओळखत होते. दर हिवाळ्याआधी नदीवर चढणाऱ्या माशांची मोजणी व्हायची, त्यात दिघे बिनपगारी काम करायचे आणि त्यांचे आकडे ग्लेनकडे जायचे. तो हसत हसत आला, दिघ्यांच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि खाली बघून तो हात तसाच राहिला.

"हा नदीचा मासा आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

दिघे उभे राहिले. "माझी चूक, ग्लेन. मी बघितलं नाही. घाईत मारला."

"तू?"

"मी."

ग्लेनला ते पटायला जड जात होतं, हे मलाही दिसलं. पण त्यानं आणखी विचारलं नाही. पावतीचं पुस्तक काढलं. दिघे माझ्याकडे न बघता मराठीत हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. पाहुणे आहात."

पाहुणे. तो शब्द मला लागला. सकाळपासून ज्याच्या ओझ्याखाली होतो, त्यात ही आणखी एक भर. आता या माणसानं माझा गुन्हाही डोक्यावर घ्यायचा, घरी जाऊन त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आणि मी जन्मभर त्याच्यासमोर मान खाली घालायची.

मी पुढे झालो आणि कचेरीतल्या इंग्रजीत, अगदी स्पष्ट, म्हणालो, "साहेब, हे गृहस्थ खोटं बोलताहेत. मासा मी मारला."

नदीचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. ग्लेननं पेन थांबवलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, दिघ्यांकडे बघत होता.

"खरं आहे का हे?"

"हो," दिघे म्हणाले.

ग्लेननं लिहिलेला कागद फाडून खिशात घातला, नवा लिहिला, माझं नाव विचारलं, माझा परवाना बघितला. मला तो अदबीनंच वागवत होता. मासा त्यानं एका पिशवीत घातला. जाताना दिघ्यांजवळ थांबला.

"तुझे आकडे मी कधी तपासून बघत नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. नुसतं सांगावं तसं सांगितलं आणि गेला.

परतीच्या वाटेवर दिघे गाडी चालवत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. घरी शालिनीताईंनी नारळ वाटून ठेवला होता, कोकम भिजत घातलं होतं, तिरफळं ठेचून ठेवली होती. दारातच त्यांनी रिकामे हात बघितले.

जेवताना दिघ्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी मासा मारला हे सांगताना "नियम मी नीट समजावून दिला नाही" असं म्हणाले. आणि मग, "मी ग्लेनशी खोटं बोललो. यांनी खरं सांगितलं," असं म्हणून ताटाकडे बघत राहिले. नुसत्या नारळाच्या सारावर आम्ही भात जेवत होतो.

ऋजुताचे डोळे भरले. ती उठून माझ्या खुर्चीमागे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "माझे बाबा असेच आहेत. परक्या देशात, परक्या भाषेत, अधिकाऱ्यासमोर. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता."

सौमित्रही माझ्याकडे बघत मान हलवत म्हणाला, "खरंच, बाबा."

शालिनीताईंनी न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.

त्यानंतर दिघे मोजणीला गेले नाहीत. मी ऋजुताला विचारलं, त्यांना काढून टाकलं का. ती म्हणाली, नाही, त्यांनी स्वतःच कळवलं की दुसरा माणूस बघा. ग्लेननं एकदा फोन केला होता. दिघे त्याच्याशी थोडंसंच बोलले. एरवी घरात ते पहिल्यासारखेच वागत होते. माझ्या चपला हीटरजवळ ठेवतच होते.

निघायच्या आदल्या दुपारी मी गॅरेजमध्ये गेलो. ते चिमट्यात गळ धरून माशी बांधत होते. मी स्टुलावर बसलो. 

"दिघे, तुमचं ते मोजणीचं काम माझ्यामुळे गेलं."

"तुमच्यामुळे नाही. खोटं मी बोललो." त्यांनी दोऱ्याचा एक वेढा घेतला, ओढून बसवला. "इतकं सहज बोललो, की माझं मलाच नवल वाटलं."

मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "पण टिपणीस, 'मी मारला' एवढं म्हटलं असतंत तरी पुरे होतं."

आवाज चढलेला नव्हता. डोळेही वर उचलले नव्हते. थोड्या वेळानं मी उठलो आणि सामान बांधायला गेलो.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मधल्या काळात मी दोनदा तिकडे जाऊन आलो, पण ऑक्टोबर टाळून. दिघे आणि मी फोनवर प्रकृती, राजकारण, नातवंडं यांबद्दल बोलायचो. नदीचा विषय निघाला नाही. ऋजुता मात्र ती गोष्ट प्रत्येकाला सांगायची. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, शेजाऱ्यांना, मुलांना झोपवताना. दर वेळी माझा इंग्रजी उच्चार थोडा अधिक बाणेदार व्हायचा आणि ग्लेन थोडा अधिक उग्र. दिघे समोर बसून ऐकायचे, मान हलवायचे.

गेल्या वर्षी दिघे गेले. बागेत काम करताना बसले ते उठले नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंतर घरी लोक जमले. मराठी मंडळी, गिरणीतले जुने सोबती, ग्लेनही आला होता, पांढरा झालेला. दिघ्यांच्या आठवणी निघाल्या. आणि बोलता बोलता कुणीतरी नदीचा विषय काढला, तशी ऋजुतानं ती गोष्ट सुरू केली. सासऱ्यांच्या फोटोसमोर, त्यांच्याच घरात. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. "आमच्या बाबांनी सासऱ्यांचीसुद्धा भीड ठेवली नाही, आणि सासरे इतके मोठे, की त्यांनी कधी मनात ठेवलं नाही," असं ती सांगत होती. लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. ग्लेन खिडकीबाहेर बघत होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. शालिनीताई एकट्याच ओट्याशी उभ्या होत्या, फळांच्या फोडी करत.

"विहीणबाई," मी म्हणालो, "ती सांगतेय तसं ते नव्हतं."

त्यांनी मागे बघितलं नाही. "ठाऊक आहे मला."

"मला खऱ्याची चाड होती म्हणून मी बोललो नाही. मला त्यांचा उपकार नको होता. मुलीच्या सासऱ्यासमोर आणखी लहान व्हायचं नव्हतं. म्हणून मी त्यांना खोटारडा म्हटलं, त्यांच्या माणसासमोर."

"ते त्यांना तिथेच कळलं होतं." सुरी थांबली. "त्याच दिवशी मला सांगितलं त्यांनी. आणि स्वतःचंही सांगितलं. तुम्हाला मासेमारीतलं काही येत नाही, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. तुम्ही घरी रॉड हातात धरलात तेव्हाच दिसलं ना. तरी ते सकाळभर तुम्हालाच माश्या निवडायला लावत होते. म्हणाले, 'शालिनी, मी ते सभ्यपणानं करतोय असं मला वाटत होतं. पण मला मजा येत होती.' चूक अंगावर घेतली तीही त्याच मजेत, म्हणाले. तुमच्यापुढे आणखी मोठं दिसायला. म्हणून मग ते मोजणीला जाईनात."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"लाज वाटायची. तुम्हाला वाटत नव्हती का?" त्यांनी फोडी ताटलीत रचल्या. "आणि ऋजुताला यातलं काही बोलू नकोस, असं मला बजावलं होतं. पोरीला बापाचा अभिमान वाटतोय, तो वाटू दे म्हणाले."

बाहेरून ऋजुताचा आवाज येत होता. गोष्ट 'हे गृहस्थ खोटं बोलताहेत' या वाक्यापर्यंत आली होती. ती ते इंग्रजीत म्हणून दाखवते, माझ्यासारखा आवाज काढून. लोक हसले.

शालिनीताईंनी ताटली माझ्या हातात दिली. "हे बाहेर न्या. लोक केव्हाचे बसलेत."

मी ताटली घेऊन बाहेर आलो. ऋजुतानं मला बघितलं आणि बाजूला सरकून आपल्या शेजारी माझ्यासाठी जागा केली. मी सगळ्यांपुढे ताटली फिरवली. ग्लेनपाशी आलो तेव्हा त्यानं एक फोड उचलली, आभार मानले, आणि माझ्याकडे न बघता ती खाल्ली. मग मी लेकीजवळ जाऊन बसलो.